वत गावता काय?

खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. एका जुन्या नऊवारीवर सोलं, दुसरीवर तांदळाचे पापड, दोन सुपांत सांडगी मिरच्या, तुळशीच्या कट्ट्यावर मीठ लावलेली चिंच आणि पडवीच्या कडेला कुळीथ. मधोमध स्टुलावर आई, हातात काठी. काठी कोंबड्यांसाठी होती, पण तिचा धाक आम्हा सगळ्यांनाच होता. २० मे २०२५. मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, आमच्याकडे ७ जूनच्या आसपास धरतात. त्या हिशेबानं पावसाला अजून अठरा दिवस होते आणि ते सगळे तिनं कामांना वाटून दिले होते. दोन दिवस मसाल्याचे, एक फणसाच्या पापडांचा, चार लाकडांचे, एक कांद्याच्या माळा वळायचा. एकही दिवस मोकळा नव्हता. आजारी पडायलासुद्धा नाही.

दुपारी दक्षिणेकडून काळं आलं. वळवाची सर येते-जाते, त्यात नवल नाही, म्हणून मी उठायला जरा वेळच लावला. आई मात्र गुडघे विसरून उभी राहिली. "पावस इलो गो! सोलां आत घेवा, सोलां!"

पापड नाही, मिरच्या नाहीत, आधी सोलं. घरात कशाला काय किंमत आहे ते घाईतच कळतं. पापड भिजले तर पुन्हा लाटता येतात, तांदूळ घरचा असतो. सोलं मात्र आठवडाभराच्या मेहनतीची. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकले की धुऊन मधोमध कापायचे, बिया आणि गर काढून त्यात मीठ घालायचं. त्याचा जो रस सुटतो त्यात साली रात्रभर भिजवायच्या आणि दिवसा उन्हात घालायच्या. संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. याला पुट देणं म्हणतात. चार पुटं दिली तरी सोलं होतात, पण आमच्या आईला सात लागतात. सातव्या पुटानंतर ती काळपट जांभळी, मऊ आणि चिवट होतात आणि बरणीत दोन वर्षं टिकतात. त्या दिवशी आमची तिसऱ्या पुटावर होती. तिसऱ्या पुटाचं सोल ना ओलं ना सुकं. त्याला पाणी लागलं की दोन दिवसांत पांढरी लव धरते.

सर थांबेल म्हणून आम्ही पडवीत बसून राहिलो. ती संध्याकाळी थांबली नाही, रात्रीही नाही. दुसऱ्या दिवशी वीज गेली. तिसऱ्या दिवशी आई पहिल्यांदा म्हणाली, "अजून रोहिणी लागूक नाय." कुणाला म्हणाली ते कळलं नाही. बहुधा पावसालाच.

*

आगोट हा शब्द मुंबई-पुण्याच्या घरांतून आता जवळजवळ गेलाय. आगोट म्हणजे पावसाचं तोंड. त्याआधी घरात भरून ठेवायचं ते आगोटीचं सामान. देशावर याला बेगमी म्हणतील, वाळवण म्हणतील. गोव्यात पुरुमेंत म्हणतात, तो शब्द पोर्तुगिजांकडून आला. मडगावला मे महिन्यात पुरुमेंताची फेरी भरते, तिथं सुकी मासळी, मिरच्या, सोलं, चिंच यांचे ढीग लागतात. मुद्दा सगळीकडे एकच. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पूर्वी ओढे भरले की वाडी तुटायची, होड्या वर ओढल्या की मासळी बंद, लाकूड ओलं झालं की चूल बंद. म्हणून कोकणातली बाई मे महिन्यात घर भरते.

आता ओढ्यांवर साकव आहेत, गॅस आहे, कुडाळात मोठी दुकानं आहेत, फोन केला की रिक्षावाला सामान आणून देतो. माझा धाकटा भाऊ आईला दरवर्षी हेच सांगतो. तो चुकीचं बोलत नाही. पण त्या वर्षी तिनं त्याला जे उत्तर दिलं, ते ऐकून मी हा लेख लिहायचं ठरवलं. ती म्हणाली, "दुकानात सगळा गावता. वत गावता काय?"

वत म्हणजे ऊन. मिरची विकत मिळते, पण ती वाळवायला लागतं ते ऊन विकत मिळत नाही. कोकणातल्या मे महिन्यात खरं सामान तेच. बाकी सगळं निमित्त.

*

पुढं जे झालं ते वेधशाळेच्या नोंदींत आहे. २४ मे रोजी अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आला. त्याच दिवशी मान्सून केरळात पोहोचल्याचं भारतीय हवामान विभागानं जाहीर केलं, ठरल्या १ जूनच्या आठ दिवस आधी. दुसऱ्याच दिवशी, २५ तारखेला, तो देवगडपर्यंत आला होता आणि २६ला मुंबईत. मुंबईत तो साधारण ११ जूनला येतो. इतक्या लवकर येण्याची १९५०नंतरची ही पहिलीच वेळ. कुलाब्याला त्या मे महिन्यात २९५ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि १९१८ सालचा २७९.४चा विक्रम मोडला.

टीव्हीवर हा आनंदाचा विषय होता. भिजणारी मुलं, मरीन ड्राइव्हच्या लाटा, भजी. पाऊस लवकर आला म्हणजे चांगलंच झालं, असं ज्यांच्या खळ्यात काही वाळत नाही त्यांना वाटणं साहजिक आहे. मी डोंबिवलीतल्या माझ्या घरी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. रोहिणी नक्षत्र लागलं तेही २५ मेच्याच सुमारास. म्हणजे रोहिणी आणि मान्सून दोघे एकाच दिवशी दारात. आईनं पंचांग मिटून फळीवर ठेवलं.

*

चार-पाच दिवस मी भावाच्या स्कूटरवरून तालुक्यात फिरले. थोडं कामासाठी, थोडं घरातून सुटका म्हणून.

पहिलं ठिकाण डंक. मसाला कुटायची गिरणी. मे महिन्यात तिथं सकाळी सहाला रांग लागते. बायका डब्यावर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवून ठेवतात आणि तोंडाला पदर बांधून बाहेरच्या बाकावर गप्पा मारत बसतात. आत लोखंडी मुसळं खाली-वर होत असतात आणि सगळ्या रस्त्याला शिंका येत असतात. ब्याडगी रंगासाठी, लवंगी तिखटासाठी, संकेश्वरी चवीसाठी, धणे, खसखस, दगडफूल, नागकेशर. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकीला दुसरीचं चुकीचं वाटतं. त्या वर्षी रांगेत बोलणं एकच होतं. मिरची कडक वाळली नव्हती. हातानं मोडली तर 'कट्' आवाज यायला हवा, ती नुसती वाकत होती. डंकवाला दोन घरांचं सामान परत देत होता. ओली मिरची मुसळाला चिकटते आणि तो मसाला गणपतीपर्यंत टिकत नाही, हे त्याला सांगावं लागत नव्हतं, पण तो सांगत होता. एकीनं मिरच्या कापडात गुंडाळून रात्रभर फ्रिजच्या मागच्या गरम जाळीवर ठेवल्या होत्या. ती युक्ती रांगेतल्या पंधरा बायकांनी पाठ केली.

मग मालवण. बंदरावर यांत्रिक नौका आधीच आत येऊन बसल्या होत्या. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, ते माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रासाठी. ती तारीख सगळ्यांना माहीत, तिच्यासाठी सगळे तयार. पण त्या वर्षी इशारे २० तारखेपासूनच लागले आणि मोसमाचे शेवटचे आठ-दहा दिवस गेले. शेवटचे दिवस म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळत नाही. त्याच दिवसांच्या पैशांतून खलाशांचा हिशेब चुकता होतो, जाळ्यांची उधारी जाते आणि पोरांच्या वह्या येतात. सुकी मासळी विकणाऱ्या एका म्हातारीच्या टोपल्यांवर दोन-दोन प्लास्टिकं होती. गोलमो, म्हणजे सुका जवळा, हातात घेतला तर ओलसर लागत होता. भाव केला तर रागावली. मासळी ओली असली तरी भाव सुक्याचाच, कारण तिनं ती सुक्याच्या भावानं घेतली होती.

घरी भावाचा प्रश्न वेगळा होता. तो दुसऱ्यांची हापूसची कलमं करारानं घेतो. मोठा आंबा एप्रिलमध्ये वाशीला जातो, मेअखेरचा कॅनिंगला. भाव कमी, पण खर्च निघतो. पावसात भिजलेल्या आंब्यावर डाग धरतात, देठाशी कुजतो, आणि झाडावर माणूस चढवायचा तर फांद्या निसरड्या. राखणीला असलेले नेपाळी गडी ३० तारखेची गाडी काढून बसले होते. त्यांना थांबवायचं तर मजुरी द्यायची आणि मजुरी द्यायची तर आंबा हवा. भावानं तीन रात्री या गणिताला दिल्या आणि शेवटी झाडाखालचा आंबा गुरांना घातला. त्यानं हे आईला सांगितलं नाही. आईला ते गोठ्याच्या वासावरून कळलं. तिनंही त्याला सांगितलं नाही.

शेतीचंही तसंच. आमच्याकडं मिरगाच्या आधी कोरड्या भुसभुशीत जमिनीत भात पेरतात, ती धूळवाफ. पहिल्या पावसाबरोबर बी वर येतं. त्या वर्षी धूळच राहिली नाही. रोपांसाठी भाजून ठेवलेल्या तरव्यांत तण उगवलं. शेवटी भावानं रहू केला, म्हणजे बी भिजवून, मोड आणून चिखलात पेरलं. त्याला बी जास्त लागतं आणि पाखरं सुखावतात.

*

या सगळ्यात भाचीची अकरावी.

दहावीचा निकाल १३ मेला लागला होता आणि तिला अपेक्षेपेक्षा बरे गुण मिळाले होते. एरवी ही आनंदाची गोष्ट. पण अकरावीचे ऑनलाइन प्रवेश, जे आधी मुंबई-पुण्यासारख्या पाच-सहा मोठ्या शहरांपुरते होते, ते त्या वर्षी पहिल्यांदाच अख्ख्या राज्याला लागू झाले. कॉलेजात जाऊन फॉर्म आणायचा, भरायचा, परत द्यायचा, हे आमच्याकडचं जुनं काम गेलं. आता दहापर्यंत पसंतीक्रम द्यायचे. दहा! आमच्या टप्प्यात विज्ञानाची कॉलेजं तीन, एसटीनं रोज जाता-येता येईल अशी दोन. भाचीनं उरलेल्या आठ जागांसाठी मला विचारलं, "आते, मुंबईचा घालू?"

घर गप्प झालं. तिनं सहज विचारलं होतं, पण त्या प्रश्नात भाडं, वसतिगृह, माझं दीड खोलीचं घर आणि म्हाताऱ्या आजीकडे कोण राहणार हे सगळं होतं. भाऊ पावसाबद्दल काहीतरी बोलला. वहिनीनं भाताचं आधण उगाचच ढवळलं.

फॉर्म भरायला म्हणून २१ तारखेला आम्ही कुडाळला गेलो तर संकेतस्थळ उघडत नव्हतं. पुढची तारीख मिळाली २६ मे. २६ला संकेतस्थळ चालू होतं, पण आमची वीज नव्हती. नेटकॅफेवाल्यानं इन्व्हर्टरवर एकच संगणक चालू ठेवला होता आणि बाहेर तीस मुलं, तीस आया, तीस ओल्या छत्र्या. प्रत्येक आईच्या पिशवीत प्लास्टिकात गुंडाळलेली कागदपत्रं. मला राहून राहून खळ्यातल्या सोलांची आठवण येत होती. काहीतरी ओलं होऊ नये म्हणून सगळ्यांची तीच धडपड.

भाचीनं दोनच कॉलेजं भरली. मुंबईचं घातलं नाही. ती म्हणाली, नकोच. मी आग्रह केला नाही. माझ्या मनात तेव्हा नेमकं काय आलं, सुटकेचा नि:श्वास की लाज, ते अजून नीट ठरवता आलेलं नाही.

विदर्भात माझी मैत्रीण आहे. तिच्याकडं उन्हाळा असा अर्धवट संपत नाही. तिथं उष्म्यामुळं शाळाच २३ जूनला उघडल्या, आमच्या १६ला. तिची चिंता कपाशीच्या बियाण्याची आणि पीककर्जाची. फोनवर मी पावसाची तक्रार केली तर ती म्हणाली, थोडा इकडे पाठव.

*

सरकारलाही त्या वर्षी आगोट सुचली. जून, जुलै, ऑगस्ट असं तीन महिन्यांचं रेशन एकदम द्यायचं ठरलं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो, म्हणजे आमच्या शेजारच्या सहा माणसांच्या घरात नव्वद किलो धान्य एकाच वेळी. पूर्वी अशा घरांत कणगी असायची, बांबूची, शेणानं सारवलेली, जमिनीपासून उंच. आता फरशीवर गोणी ठेवतात आणि फरशीला पावसाळ्यात घाम येतो. शेजारीण आमच्याकडं रिकामे पत्र्याचे डबे मागायला आली. आईनं माळ्यावरून चार काढून दिले आणि प्रत्येकात कडुलिंबाचा पाला घालायला सांगितलं. मग ती बाई गेल्यावर म्हणाली, की डबे परत येतील तेव्हा दिवाळी झालेली असेल.

डबे काढायला माळ्यावर चढलो तेव्हा छप्पर दिसलं. कौलारू घर दरवर्षी परतावं लागतं. फुटलेली कौलं बदलायची, रीप कुजली असेल तर नवी घालायची, वळचण साफ करायची. वीस वर्षांपूर्वी हे काम वाडीतले चार जण मिळून दोन दिवसांत करायचे. आता कौलांवर चढणारी माणसं साठीच्या पुढं गेली आणि त्यांची मुलं विरार-नालासोपाऱ्यात. म्हणून गावागावांत कौलारू घरांवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे टाकलेले दिसतात, घरानं टोपी घातल्यासारखे. दिसायला वाईट. पण आमचा परतणारा माणूस २८ मेचा वायदा देऊन बसला होता आणि २८ मेला तो कौलांवर काय चढणार? माजघरात तीन ठिकाणी पातेली ठेवली. रात्री त्यांचे तीन वेगळे सूर ऐकत मी पत्र्यांविषयीचं माझं मत बदललं.

*

आणि मग पाऊस पळाला.

मेअखेरीस मान्सूनचा जोर ओसरला आणि तो जागच्या जागी थबकला. जूनच्या पहिल्या आठवड्यात आकाश उघडलं. ८ जूनला मिरग. आमच्याकडं त्या दिवशी कोंबडा आणि वडे होतात. शेतीच्या कामाला लागण्याआधीचं ते शेवटचं निवांत जेवण. कोंबडा झाला, वडे झाले, आणि बाहेर लख्ख ऊन. आई जेवण अर्धं टाकून खळ्यात गेली.

"रोहिणीक पावस आनि मिरगाक वत. पंचांगवाल्याक इचारूक व्हया," ती म्हणाली, पण तिचा आवाज बदलला होता. अठरा दिवसांतले गेलेले काही दिवस कुणीतरी चुकून परत केले होते.

तोवर काय काय झालं होतं ते सांगते. तिसऱ्या पुटाची निम्मी सोलं गेली. बुरशी धरलेली माडाच्या मुळात टाकली. उरलेली चुलीच्या वर टांगलेल्या बांबूच्या तट्ट्यावर पसरली, त्यांना धुराचा वास लागला. झाडावरचे रातांबे पावसानं गळाले. त्यांतले धड होते त्यांचं आईनं आगळ, म्हणजे मीठ घातलेला रस, केलं, कारण आगळाला ऊन लागत नाही, मीठ लागतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'कोकण अमृता' नावाची लवकर तयार होणारी जात काढली आहे ती यासाठीच, की पावसाच्या आत फळ हाती लागावं. पण आमची झाडं आजोबांनी लावलेली आहेत, त्यांना विद्यापीठ माहीत नाही. बचत गटाकडं एक सोलार ड्रायर आहे. तो मागायला गेले तर तिथल्या ताई हसल्या. त्यालाही वतच लागतं.

मिरगाच्या त्या उन्हात वाडीतल्या प्रत्येक खळ्यात साड्या पसरल्या गेल्या. पण मे महिन्याचं ऊन आणि हे ऊन यांत फरक होता. जमीन ओली, हवा दमट. वरून तापायचं आणि खालून वाफ यायची. पापड वाळले पण त्यांना आंबूस चव आली. मिरच्या दुसऱ्या दिवशी दुपारी 'कट्' वाजल्या, तेव्हा वहिनी खरोखरच टाळ्या वाजवत घरात आली आणि त्याच पावली डंकावर गेली.

मला निघायचं होतं. १५ जूनपासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक सुरू होणार होतं, गाड्या हळू धावणार होत्या, आणि १६ला माझ्या मुलाची शाळा. शिवाय गणपती २७ ऑगस्टला. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी आठला बोटं तयार ठेवायची. गावाहून निघायच्या आधीच गावी परत यायच्या तिकिटाची काळजी सुरू होते, हे चाकरमान्याचं पिढीजात दुखणं. आईनं त्या काळजीत भर घातली नाही. तिनं फक्त माझ्या पिशवीत एक कापडी पुडकं घातलं. त्यात सोलं होती, पाचव्या पुटाची.

"पुरे झाली की ही," मी म्हटलं.

"दोन पुटां रवली." सोबत एका प्लास्टिकच्या बाटलीत मिठाचा रस. "थंय घाल."

थंय म्हणजे डोंबिवलीत. तिसरा मजला, गॅलरी पश्चिमेला, समोर दुसरी इमारत. ऊन येतं ते संध्याकाळी चाळीस मिनिटं, तेही पाऊस नसेल तेव्हा.

१६ जूनला मुंबईत पुन्हा जोरदार पाऊस होता. मुलाला नव्या बुटांत शाळेत सोडून आले, हॉलमधलं टेबल भिंतीला सरकवलं, वर्तमानपत्रं अंथरली आणि सोलं रसातून काढून पंख्याखाली पसरली. पंखा पाचवर. रात्री नवऱ्यानं विचारलं, जेवायचं कुठं? आम्ही चार दिवस स्वयंपाकघरात उभ्यानं जेवलो. कागदातून रस खाली झिरपला आणि पांढऱ्या फरशीवर जांभळा डाग पडला. तो घासून गेलेला नाही.

आईचा रोज फोन यायचा. भाचीला दुसऱ्या पसंतीचं कॉलेज मिळालं, एसटी सकाळी साडेसहाची. छप्पर अजून परतलेलं नव्हतं. शेजारणीनं एक डबा परत आणून दिला होता, हे आईनं दोनदा सांगितलं. भावाचा रहू बरा उगवला होता. हे सगळं झाल्यावर ती थोडी थांबायची आणि मग ज्यासाठी फोन केला होता ते विचारायची.

"सुकली काय गो?"

मी पंख्याकडं बघून सांगायचे, अजून एक दिवस.